प्रगत करार कायद्याचा शनिवार-रविवार वर्ग: कलम ७४ अव्वल, पुस्तिका शिळ्या

एलएलएमला (कायद्याच्या पदव्युत्तर पदवीला) बिझनेस लॉ घेतलेल्यांसाठी पुण्यात डेक्कनच्या बाजूला भरणारा हा बारा आठवड्यांचा वर्ग. शनिवारी संध्याकाळी ५ ते ७.३०, रविवारी सकाळी ९ ते ११.३०. चोवीस बैठका, साठ तास. फी १८,००० रुपये अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे हातातून २१,२४० जातात. तासाला ३५४ पडले. त्यात चार स्पायरल पुस्तिका, दर आठवड्याला वाचून यायचं एक मूळ निकालपत्र आणि दोन मसुदे. तुकडीत पस्तीसच्या आसपास माणसं, निम्मी एलएलएमची, बाकी नोकरदार वकील आणि कंपनी सेक्रेटरी.

आधी निवाडा, मग कारणं. भारतीय करार कायद्याची कलमं पाठ आहेत, पण दोन निकाल एकमेकांना छेद देऊ लागले की बोबडी वळते, अशांसाठी या वर्गाचा मधला भाग फीच्या दुप्पट मोलाचा आहे. आधीचा आणि नंतरचा भाग मात्र अप्पा बळवंत चौकातला ताजा बेअर ॲक्ट (कायद्याचा नुसता मूळ मजकूर) आणि सर्वोच्च न्यायालयाचं फुकट ई-एससीआर पोर्टल एवढ्या भांडवलावर घरी बसून होतो. काही ठिकाणी तर घरीच बरा होतो, कारण पुस्तिका शिळ्या आहेत.

बैठकांची वाटणी बघा. करार जुळणं आणि ऑनलाइन करार याला तीन, संमती आणि एकतर्फी अटी तीन, कलम २३, २७, २८ (बेकायदा उद्देश, व्यवसायबंदी, दावाबंदी) तीन, फ्रस्ट्रेशन (करार पुरा करणं अशक्य होणं) दोन, नुकसानभरपाई पाच, करारपूर्ती दोन, हमी आणि जामीन तीन, लवाद आणि स्टॅम्प मिळून एक, मसुदा दोन. भरपाईला पाच बैठका देणारा अभ्यासक्रम क्वचित दिसतो आणि तिथेच शिकवणाऱ्यांची खरी ताकद आहे. लवाद आणि स्टॅम्प एका बैठकीत उरकणं मात्र चेष्टा आहे.

पहिल्या तीन बैठका झटपट सांगून टाकतो. भाषेचा एक घोळ इथे चांगला सोडवतात. रोजच्या मराठीत ॲग्रीमेंटही करार आणि कॉन्ट्रॅक्टही करार; पुस्तकी मराठी दुसऱ्याला संविदा म्हणते, पण ते तोंडात बसत नाही. कलम २ च्या (ई) आणि (एच) मधला सगळा फरक त्या एका शब्दात बुडतो. वर्गात पहिल्याच दिवशी ठरतं: कायद्याने अंमलात आणता येतो तो कॉन्ट्रॅक्ट, नुसता जुळला तो ॲग्रीमेंट, आणि ‘करार’ हा शब्द तीन महिने फळ्यावर लिहायचा नाही. ‘व्हॉइड’ (शून्य) आणि ‘व्हॉइडेबल’ (रद्द करता येण्याजोगा) यांतही मग गल्लत होत नाही. अल्पवयीनाचा करार पहिल्यापासूनच शून्य, हे प्रिव्ही कौन्सिलने (ब्रिटिश काळातल्या शेवटच्या अपील न्यायालयाने) १९०३ मध्ये मोहोरी बीबी प्रकरणात सांगितलं, त्याला ‘रद्द करता येण्याजोगा’ म्हणणारी उत्तरं एलएलएमच्या पेपरातही सापडतात. टेलिफोनवरचा स्वीकार कुठे पूर्ण होतो याचा भगवानदास केडिया निकाल (१९६५) न्या. हिदायतुल्ला यांच्या भिन्न मतासकट वाचून घेतात, आणि त्यावरून ई-मेलवर येतात. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम १०-ए मात्र दहा मिनिटांत आटोपतं. ते कलम एवढंच म्हणतं की केवळ इलेक्ट्रॉनिक मार्गाने जुळला म्हणून करार नाकारता येत नाही. ‘आय ॲग्री’वर खूण करणाऱ्याला अटी दिसल्या होत्या का, हा खरा प्रश्न तसाच राहतो. इथे पदवीच्या वर्गापेक्षा फार पुढे गेल्यासारखं वाटत नाही.

आता जिथे पैसे वसूल होतात ते. सहाव्या आठवड्याचा रविवार ते आठव्या आठवड्याचा रविवार, पाच बैठका, दोन कलमं: ७३ (करार मोडल्यावरची भरपाई) आणि ७४ (भरपाईची रक्कम करारातच लिहिलेली असेल तर).

पद्धत साधी आहे. प्रत्येकाने चार निकालपत्रं पूर्ण वाचायची, हेडनोट (वर छापलेला सारांश) नव्हे. हेडनोट निकालाचा भाग नसते, ती संपादकाने लिहिलेली असते, आणि कलम ७४ वरच्या बहुतेक चुका तिथूनच उचललेल्या असतात. मग एका कागदावर पाच रकाने: रक्कम किती, करारात तिला नाव काय दिलं, तोटा सिद्ध झाला का, पैसे शेवटी कोणाकडे राहिले, खंडपीठ किती जणांचं. बस. तर्क, तत्त्व, ‘न्यायालयाचा दृष्टिकोन’ वगैरे काही लिहायचं नाही. आधी रुपये कुठून कुठे गेले ते बघा, तत्त्व मागून येतं.

पहिला निकाल फतेहचंद विरुद्ध बालकिशन दास, १९६३, पाच न्यायमूर्तींचं घटनापीठ. १,१२,५०० रुपयांचा मालमत्तेचा सौदा. १,००० विसार आणि २४,००० किमतीपोटी, असे २५,००० विकणाऱ्याकडे आले. सौदा मोडला. विसाराचे १,००० त्याच्याकडे राहिले. २४,००० मात्र तोटा दाखवल्याशिवाय गिळता आले नाहीत. दुसरा मौला बक्ष, १९६९, तीन न्यायमूर्ती. लष्कराला बटाटे आणि कोंबड्या, अंडी, मासे पुरवण्याचे दोन ठेके, १०,००० आणि ८,५०० अनामत. पुरवठा कोलमडला, सरकारने अनामत जप्त केली. माल बाजारातून किती चढ्या भावाने घ्यावा लागला हे सरकारला सहज दाखवता आलं असतं, दाखवलं नाही, १८,५०० परत करावे लागले. तिसरा ओएनजीसी विरुद्ध सॉ पाइप्स, २००३, दोन न्यायमूर्ती: ठरवलेली रक्कम हा वाजवी पूर्वअंदाज असेल आणि तोटा मोजणं अवघड असेल तर प्रत्यक्ष पुराव्याची सक्ती नाही. चौथा कैलाशनाथ विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण, २०१५, पुन्हा दोन न्यायमूर्ती. ३.१२ कोटींची बोली, ७८ लाख विसार जप्त, आणि तोच भूखंड नंतर ११.७८ कोटींना गेला. प्राधिकरणाचा तोटा कुठे झाला? उलट फायदाच. ७८ लाख परत.

कागद भरला की वर्गात एकच प्रश्न विचारतात: सॉ पाइप्समुळे पुरावा द्यावा लागत नाही, असं लिहिणाऱ्या वकिलाला तुम्ही काय उत्तर द्याल? उत्तर पाचव्या रकान्यात असतं. दोघांचं खंडपीठ पाचांच्या घटनापीठाला ओलांडू शकत नाही, म्हणून सॉ पाइप्स हा फतेहचंदच्या चौकटीत बसवूनच वाचायचा. कैलाशनाथने नेमकं तेच केलं: तोटा झालेला असणं ही पहिली अट, तो सिद्ध करणं शक्य असेल तर सिद्ध करा, शक्यच नसेल तेव्हाच ठरीव रक्कम, आणि तीही वाजवी असेल तरच. करारातला आकडा ही कमाल मर्यादा, हमखास मिळणारी रक्कम नव्हे. खंडपीठाचा रकाना न भरणारे विद्यार्थी चारही निकाल एका ओळीत ठेवून ‘मतमतांतरे आहेत’ असं लिहून मोकळे होतात. तिथेच पंधरा मार्कांच्या प्रश्नात सहा-सात गळतात.

विसार आणि अनामत यांतला फरकही इथे मराठीतच जास्त स्पष्ट होतो, ही गंमत. विसार म्हणजे सौदा पक्का केल्याची खूण, तोही किमतीच्या मानाने थोडकाच. अनामत म्हणजे काम होईपर्यंत ठेवलेली रक्कम. इंग्रजीत दोन्हींना सरसकट डिपॉझिट म्हणणारे मसुदे असतात आणि भांडण तिथून सुरू होतं. विसारपावतीवर ‘विसार’ लिहून किमतीच्या तीस टक्के घेतले, तर नावामुळे ते विसार होत नाहीत. फ्लॅटच्या बाबतीत याला आणखी दोन कोपरे आहेत आणि वर्गात दोन्ही नीट दाखवतात: रेरा कायद्याच्या कलम १३ प्रमाणे नोंदणीकृत विक्रीकरार केल्याशिवाय बिल्डरला दहा टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये गोदरेज प्रोजेक्ट्स विरुद्ध अनिल कार्लेकर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने एकतर्फी कराराच्या जोरावर दहा टक्क्यांहून जास्त जप्ती मान्य केली नाही.

कलम ७३ ला दोन बैठका. १८५४ चा हॅडली विरुद्ध बॅक्सेंडेल सगळ्यांना येतो, त्यामुळे त्यावर वेळ घालवत नाहीत, हे शहाणपण. भर कलमाच्या शेवटच्या स्पष्टीकरणावर: भरपाई ठरवताना गैरसोय दूर करण्याचे जे मार्ग हाताशी होते ते धरायचे. तोटा कमी ठेवण्याची जबाबदारी आपल्या कायद्यात स्वतंत्र कलमात नाही, ती या एका ओळीत आहे. आणि बाजारभाव कुठला? मुरलीधर चिरंजीलाल (१९६२) इथे वाचून घेतात: डिलिव्हरीच्या ठिकाणचा, करार मोडल्याच्या तारखेचा भाव खरेदीदाराने सिद्ध केला नाही, म्हणून करार मोडलेला असूनही भरपाई शून्य. मार्केट यार्डातल्या कुठल्याही अडत्याला हे न शिकवता कळेल. एलएलएमच्या उत्तरपत्रिकेत मात्र ‘बाजारभावातील फरक’ एवढंच लिहून सोडलेलं असतं, ठिकाण आणि तारीख गायब.

इंग्लंडचा कायदा इथे मुद्दाम वेगळा ठेवतात. तिकडे ‘दंड’ आणि ‘ठरीव भरपाई’ हा भेद जुना, त्याची कसोटी डनलॉपने (१९१५) घालून दिली आणि २०१५ च्या कॅव्हेंडिश निकालाने ती बदलली. आपल्या कलम ७४ ने तो भेदच मोडीत काढलेला आहे, दोन्हींना एकच वाजवीपणाची फूटपट्टी. त्यामुळे ‘ही रक्कम दंड नसून पूर्वअंदाजित भरपाई आहे असे उभय पक्ष मान्य करतात’ ही मसुद्यातली आवडती ओळ आपल्याकडे फारशी कामाची नाही. डनलॉप भारतीय कायदा म्हणून लिहिणाऱ्यांना वर्गात सौम्यपणे, पण सगळ्यांसमोर झापतात.

मसुद्याचा पहिला सराव याच भागाला जोडलेला आहे, आणि तो वर्गातला सगळ्यात चांगला तास. चाकणचा एक कारखाना सुटे भाग मागवतो. ऑर्डर ४० लाखांची, ४,००० नग. उशिराला दर आठवड्याला अर्धा टक्का, कमाल पाच टक्के. ३,००० नग वेळेवर आले, १,००० सहा आठवडे उशिरा. एलडी (लिक्विडेटेड डॅमेजेस, करारातच ठरवलेली भरपाई) किती? कलमात ‘ऑर्डरच्या मूल्यावर’ लिहिलं असेल तर १,२०,०००. ‘उशिरा आलेल्या मालाच्या मूल्यावर’ लिहिलं असेल तर ३०,०००. चार पट फरक, दोन शब्दांचा. मग पुढचे प्रश्न: साडेपाच आठवडे उशीर झाला तर सहा धरायचे का, दहाव्या आठवड्याला दोन लाखांची कमाल गाठली, त्यानंतर करार रद्द करता येतो की नुसतं बघत बसायचं, आणि एलडी दिली की बाकी सगळे दावे संपले का.

खरा फास त्यानंतर. उशिरा आलेला माल कारखान्याने गुपचूप उतरवून घेतला, गेटवर पावती दिली आणि तीन महिन्यांनी बिलातून एलडी कापली. कलम ५५ चा तिसरा परिच्छेद सांगतो: वेळ हा कराराचा गाभा असताना उशिराची पूर्तता स्वीकारली, तर स्वीकारतानाच ‘भरपाई मागणार आहोत’ अशी सूचना दिलेली हवी, नाहीतर ती मागता येत नाही. म्हणजे स्टोअरच्या माणसाकडे एक छापील शिक्का हवा: ‘माल विलंबाने प्राप्त, भरपाईचा हक्क राखून स्वीकारला’. कलम ७४ वर दोनशे पानं वाचलेले लोक या एका शिक्क्यापाशी हरतात. पाठ्यपुस्तकात ५५ आणि ७४ मध्ये मोठं अंतर असतं, व्यवहारात ते एकाच गेटवर भेटतात. हा तास घेणाऱ्या बाईंना पैकीच्या पैकी.

एवढं असूनही दोन गोष्टी इथे राहून जातात. पुरवठादार जर लघुउद्योग म्हणून नोंदलेला असेल, तर एमएसएमईडी कायदा मध्ये येतो: पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत, उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या ऑर्डरवर शिकवताना हे न सांगणं म्हणजे वरणभात वाढून मीठ विसरणं. आणि एलडीवर जीएसटी लागतो का, हा प्रश्न प्रत्येक तुकडीत येणारच; त्यावर ३ ऑगस्ट २०२२ चं परिपत्रक आहे, करारभंगाची भरपाई ही ‘सप्लाय’ (जीएसटी लागणारा पुरवठा) नाही असं सांगणारं. पुस्तिकेत त्याचा पत्ता नाही.

फ्रस्ट्रेशनच्या दोन बैठका चांगल्या, फक्त जरा कोविडमध्ये अडकलेल्या. क्रम बरोबर लावलाय: करारात फोर्स मेजरचं (हाताबाहेरच्या आपत्तीचं) कलम असेल तर कलम ३२, नसेल तर ५६. सत्यव्रत घोष (१९५४) पासून एनर्जी वॉचडॉग (२०१७) पर्यंत एकच धागा धरतात, की काम महाग झालं म्हणजे अशक्य झालं असं नाही. इंडोनेशियातला कोळसा महागला म्हणून वीज कंपन्यांना सुटका मिळाली नाही. त्याआधी अलोपी परशाद (१९६०) मध्ये लष्करासाठी तूप घेणाऱ्या एजंटांनाही युद्धाने परिस्थिती बदलली म्हणून वाढीव दर मिळाला नव्हता. मुंबई उच्च न्यायालयाचा एप्रिल २०२० चा स्टँडर्ड रिटेल निकाल घेतात, लॉकडाउनमुळे पोलादाच्या आयातदाराला बँकेचं पतपत्र (लेटर ऑफ क्रेडिट) थांबवता आलं नाही तो. इथवर उत्तम. पण दुकानभाड्याच्या उदाहरणावर कलम ५६ लावून दाखवलं जातं ते चूक. लीज म्हणजे हक्काचं हस्तांतरण होऊन गेलेलं असतं, त्याला ५६ लागत नाही, हे राजा ध्रुवदेव चंद प्रकरणात १९६८ मध्येच ठरलंय. तिथे मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम १०८(बी)(ई) बघायचं. लक्ष्मी रोडच्या गाळ्याचं उदाहरण ऐकायला जवळचं वाटतं, म्हणून ते बरोबर ठरत नाही.

कलम २७ वर (काम-धंदा करण्यावर बंदी घालणारे करार) मात्र तक्रार नाही. हिंजवडीत काम करणाऱ्या निम्म्या वर्गाच्या बॅगेत स्वतःचा बाँड (नोकरी लवकर सोडली तर पैसे भरण्याचा करार) असतो, त्यामुळे चर्चा आपोआप तापते. नोकरी चालू असतानाचं बंधन आणि सोडल्यानंतरचं बंधन यांतली रेघ गोलिकरी (१९६७, कल्याणच्या रेयॉन कारखान्याचा पाच वर्षांचा करार) पासून क्रिकेटपटू झहीर खानच्या निकालापर्यंत (२००६) ओढतात, आणि मे २०२५ चा विजया बँक निकालही घेतात, हे विशेष. तीन वर्षांच्या आत नोकरी सोडली तर दोन लाख, ही अट तिथे टिकली. पण का टिकली, यावर वर्ग नीट थांबतो: ती सार्वजनिक बँक होती, भरतीचा खर्च आणि प्रक्रिया तिने मांडली, आणि अट नोकरीच्या काळापुरती होती. ‘आता सगळे बाँड वैध’ असा मेसेज फिरवणाऱ्यांनी हा तास करावा. कलम २८ मध्येही असंच: ‘पुणे न्यायालयाच्या अधिकारक्षेत्रात’ ही बिलाच्या तळाची ओळ केव्हा चालते, त्यात ‘फक्त’ हा शब्द नसेल तर काय, हे स्वस्तिक गॅसेस (२०१३) वरून दाखवतात. पुण्यात करारातलं काहीच घडलेलं नसेल आणि प्रतिवादीही इथला नसेल, तर ती ओळ शोभेची.

आता शिळेपण. करारपूर्तीच्या दोन बैठका या वर्गाचा सगळ्यात कच्चा भाग. स्पेसिफिक रिलीफ कायद्यात २०१८ ची दुरुस्ती १ ऑक्टोबर २०१८ पासून लागू आहे. पूर्वी करारपूर्तीचा हुकूम देणं न्यायालयाच्या मर्जीवर होतं. आता कलम १० प्रमाणे, ११(२), १४ आणि १६ चे अपवाद सोडून, तो द्यावाच लागतो. नव्या कलम २० मध्ये ३० दिवसांची लेखी नोटीस देऊन दुसऱ्याकडून काम करून घ्यायचं आणि खर्च मागायचा, ही सोय आली. पुस्तिका क्रमांक ३ मध्ये मुख्य मजकूर अजून जुन्या कलम २० चा आणि दुरुस्ती खाली बारीक टाइपात. वाचणारा साहजिकच जुनं पाठ करतो. त्याहून गंभीर म्हणजे दुरुस्ती पूर्वलक्षी की पुढच्यासाठी, यावर ऑगस्ट २०२२ चा कट्टा सुजाता रेड्डी निकाल शेवटचा शब्द म्हणून छापलाय. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये पुनर्विलोकनात तो निकालच मागे घेतला. परीक्षेत त्याचा आधार दिलात तर परीक्षक खुणेचं गोल काढेल. कोर्टात दिलात तर समोरचा वकील हसेल. विचारलं की वर्गात तोंडी दुरुस्ती सांगतात, पण ६०० पानांचं छापील साहित्य विकताना दुरुस्तीचं एक पान चिकटवायला काय जातं?

स्टॅम्पचंही तेच. नमुना करार अजून १०० रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून त्या जागी ५०० लागतात. आणि ‘जुना स्टॅम्पपेपर चालतो’ म्हणून २००८ चा तिरुवेंगडा पिल्लै निकाल सांगतात, तो अर्धाच उपयोगाचा. तो निकाल केंद्राच्या स्टॅम्प कायद्याच्या कलम ५४ वर आहे. आपल्याकडे महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमात कलम ५२-बी आहे, सहा महिन्यांत न वापरलेला स्टॅम्प बाद ठरवणारं. दिल्लीच्या नोट्स पुण्यात वाटल्या की असं होतं. लवादाच्या कलमावर स्टॅम्प नसेल तर काय, याचं सात न्यायमूर्तींचं उत्तर (१३ डिसेंबर २०२३: करार शून्य नाही, दोष भरून काढता येतो, आक्षेप लवादासमोर) मात्र व्यवस्थित दिलंय. वेळ कमी, पण जे आहे ते बरोबर.

हमी आणि जामीनाच्या तीन बैठका मधल्या प्रतीच्या. कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच, हे घोकून घेतात. कलम १३३ प्रमाणे अटी परस्पर बदलल्या तर जामीनदार पुढच्या व्यवहारांतून सुटतो, हे बँकेच्या छापील फॉर्मवर दाखवतात, कारण त्या फॉर्ममध्ये हाच हक्क सोडून दिलेला असतो. ललितकुमार जैन (२०२१) जोडून कंपनीची दिवाळखोरी मिटली तरी वैयक्तिक जामीनदार सुटत नाही, इथपर्यंत येतात. बँक गॅरंटीतली दाव्याची मुदत आणि कलम २८ चा २०१३ चा अपवाद, दाव्याला किमान एक वर्ष ठेवायला लावणारा, यावर मात्र घाई.

मसुदे तपासून मिळतात का? पहिला मिळतो, लाल शाईने, ओळ न् ओळ. दुसऱ्यावर नुसता मार्क. पस्तीस जणांचे कागद तपासायला एकच माणूस असेल तर दुसरं काय होणार. तुकडी पंचवीसची केली तर फी थोडी वाढली तरी चालेल.

जागेबद्दल: तिसरा मजला, लिफ्ट आहे, पंखे आवाज करतात. शनिवारी संध्याकाळी गाडी लावायला जागा शोधण्यात वीस मिनिटं जातात. मेट्रोने डेक्कन जिमखाना स्टेशनला उतरून चालत आलेलं बरं. बैठक चुकली तर रेकॉर्डिंग आठ दिवस बघता येतं, नंतर बंद.

फी भरण्यापूर्वी कार्यालयात तीन गोष्टी विचारा. पुस्तिका ३ आणि ४ ची नवी आवृत्ती आली का. दुसरा मसुदा तपासून मिळणार का. आणि नुकसानभरपाईच्या पाच बैठका वेगळ्या घेता येतात का. तिसऱ्याला सध्या नाही म्हणतात, पण आग्रह धरला तर एक बैठक बसून बघू देतात. डेमो म्हणून पहिला शनिवार दाखवतात, तो नको म्हणा. त्या दिवशी प्रस्ताव आणि स्वीकार असतो. सातव्या आठवड्याचा रविवार मागून घ्या, आणि जाताना कैलाशनाथ पूर्ण वाचून जा.